कोर्टापुरतं कुंकू

एस्तेरम्माला कुणी नाव विचारलं की ती उलट विचारायची, "खरं सांगू की कागदावरचं?"

आमच्या गुडेममध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या आम्हा मादिगांच्या वस्तीत, प्रत्येकाला दोन नावं. एक पास्टर पाण्यात बुडवून देतो ते, दुसरं शाळेच्या दाखल्यावरचं. घरात आणि चर्चमध्ये ती एस्तेरम्मा. रेशनकार्डावर आणि जातीच्या दाखल्यावर आदिलक्ष्मी, जात मादिगा, धर्म हिंदू. तिचा नवरा येसुपादम कागदावर सुब्बय्या होता. यात कुणाला लबाडी वाटत नसे. शंभर वर्षांपूर्वी आमचे खापरपणजे तळ्यात बुडी मारून क्रिस्ती झाले, पण जात काही त्या पाण्यात विरघळली नाही. गावच्या विहिरीवर जे आधी हाकलत होते ते नंतरही हाकलतच राहिले. दाखल्यावर हिंदू लिहिलं नाही तर सवलत नाही, कायद्याचं संरक्षण नाही, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक. मग लिहायचं हिंदू आणि रविवारी जायचं चर्चला. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

मुलाचं नाव ठेवताना मात्र येसुपादमनं डोकं चालवलं. प्रसन्नकुमार. "दोन्हीकडे चालतं बघ. पोराला तरी एका नावानं जगू दे," तो म्हणाला होता. प्रसन्ना शिकला, राखीव जागेवर वीज खात्यात लागला आणि आमच्या गुडेममधला पहिला सरकारी नोकर झाला. तो मोटरसायकलवरून यायचा तेव्हा एस्तेरम्मा उगाचच दारात येऊन उभी राहायची आणि दिवसाढवळ्या अंगण झाडायची.

नवराबायको दोघंही कोटय्या दोरांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, तंबाखूवर जगले. तंबाखूची पानं काठ्यांना बांधून शेकायची जी उंच भट्टीघरं असतात, त्यांना आमच्याकडे बॅरन म्हणतात. येसुपादम तीस वर्षं त्या बॅरनची आग सांभाळत आला. आच जरा चढली की पान काळं, जरा उतरली की हिरवट. तो भिंतीला नुसता तळहात लावून सांगायचा. एस्तेरम्मा शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून पानं निवडायची. पिवळंधमक एका ढिगात, तपकिरी दुसऱ्यात, डागाळलेलं तिसऱ्यात. तिचा हात असा चालायचा की डोळे मिटून निवडते की काय असं वाटावं. मुकादम म्हणायचा, "एस्तेरी, तुझ्या बोटांना जीभ आहे."

बॅरनच्या मोडक्या काठ्या येसुपादम घरी आणायचा. सुरूचं लाकूड, वर्षानुवर्षं शेकलेलं, सहजी कुजत नाही. गुडेममध्ये कुणी गेलं की त्या दोन काठ्या सुतळीनं बांधून तो क्रूस करायचा. आमच्या स्मशानातले झाडून सगळे क्रूस त्याच्या हातचे.

तो गेला नोव्हेंबरात, तुफानाच्या आठवड्यात. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाला, तिसऱ्या दिवशी बॅरनच्या भिंतीला तळहात लावला आणि तिथेच खाली बसला.

आमचं स्मशान ओढ्याच्या पलीकडे. गावच्या नकाशात तिथवर गाडीवाट आहे. पण वीस वर्षांपूर्वी कोटय्या दोरांनी ती नांगरून आपल्या मिरचीच्या रानात घेतली, आणि तेव्हापासून मादिगांची मढी ओढ्यातून जात आली. पाणी असलं तर कमरेपर्यंत भिजत, खांद्यावरची पेटी डोक्यावर घेत. त्या दिवशी ओढ्याला छातीच्या वर पाणी होतं, आणि असं ओढीचं की म्हैस वाहून गेली असती. प्रसन्ना म्हणाला, "नकाशात वाट आहे. वाटेनं जाऊ. बापाला मी पाण्यात घालणार नाही."

अर्ध्या रानात गेले नसतील तोच कोटय्या, त्यांचे दोन मुलगे आणि गडी धावत आले.

"मादिगाचं मढं माझ्या मिरचीतून? खाली ठेवा! मागे फिरा!"

एस्तेरम्मा पुढे झाली. "दोरा, तुमच्याच भट्टीला जागलेला माणूस आहे हा. तीस वर्षं. शेवटची वाट तेवढी द्या."

"भट्टीला जागला म्हणून रानाचा मालक झाला काय? पायताण शिवणारी जात तुमची, माझ्या तोंडाला तोंड देता?"

पुढे जे बोलले ते मी लिहीत नाही. आमच्या जातीला काय काय म्हणतात ते सगळ्यांना पाठ आहे. मग फावड्यांचे दांडे चालले. खांदा देणारे कोसळले, पेटी आपटली, झाकण उडालं, आणि येसुपादम पांढऱ्या चादरीसकट काळ्या चिखलात पालथा पडला. त्याला उलटा करायला एस्तेरम्मा वाकली आणि दांडा तिच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज प्रसन्नाला तीन हातांवरून ऐकू आला. तरी तिनं डाव्या हातानं नवऱ्याच्या तोंडातला चिखल काढला.

पोलीस आधी ऐकेनात. मग कुणीतरी काढलेला फोटो पेपरात आला, उलटलेली पेटी आणि चिखलातला माणूस, आणि गुडेम हायवेवर बसलं, तेव्हा कुठे अट्रॉसिटीचा गुन्हा लागला. येसुपादमला चार दिवसांनी पोलीस बंदोबस्तात त्याच वाटेनं नेलं. क्रूस करायला तो नव्हता, म्हणून एस्तेरम्मानं एका हातानं आणि दातांनी सुतळी ओढून दोन काठ्या बांधल्या. वाट पुन्हा बंद झाली ती आठवड्याभरात.

मनगट वाकडंच जुळलं. बोटं पान उचलत, पण पानाशी बोलेनात. शेडमधलं काम गेलं. तसंही फिर्यादीला कामावर ठेवायला कोटय्या काही साधू नव्हते. आता एस्तेरम्माला एकच गोष्ट हवी होती. कोटय्या दोरांना तुरुंगात गेलेलं बघायचं होतं. "एक दिवस गेले तरी चालेल, पण लोखंडी दार त्यांच्या मागे लागलं पाहिजे," ती म्हणायची. क्षमा करावी असं पास्टर म्हणाले, तर म्हणाली, "करीन ना पास्टरय्या. आधी आत जाऊ द्या, मग करते."

अडीच वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओंगोलच्या कोर्टात तारीख लागली. सरकारी वकील भला माणूस, पण त्याच्या हातात शंभर केसेस. साक्षीच्या आदल्या आठवड्यात त्यानं एस्तेरम्माला आणि प्रसन्नाला बोलावून घेतलं.

"मारहाण झालीच नाही असं ते म्हणणारच नाहीत," वकील म्हणाला. "ते म्हणतील, ही बाई क्रिस्ती आहे. क्रिस्ती म्हणजे अनुसूचित जात नाही. जात नाही तर अट्रॉसिटी नाही. खेळ खलास."

"पण त्यांनी आम्हाला मादिगा म्हणूनच मारलं, सार," एस्तेरम्मा म्हणाली. "मारताना तोंडानं म्हणत होते."

"ते काय म्हणत होते त्याला किंमत नाही, अम्मा. तुम्ही कोण आहात त्याला आहे. दाखल्यावर हिंदू आहे ना? मग तुम्ही हिंदू. चर्चला जाता ते शेजारणींच्या सोबतीनं. नवरा सुब्बय्या. येसुपादम वगैरे कुणी नाही. आणि तुम्ही किंवा बरोबरच्या बायका, अशी उघडी कपाळं घेऊन कोर्टात येऊ नका."

बाहेर आल्यावर प्रसन्ना चहाच्या टपरीपाशी थांबला. "अम्मा, आणखी एक. तू तिथे क्रिस्ती म्हणालीस तर माझा दाखलाही रद्द होईल. नोकरी जाईल. दोन पोरं आहेत मला."

"मी बोलेन का असं?"

"थडग्यावरचा क्रूस काढावा लागेल. ते फोटो काढायला माणूस पाठवतील."

 एस्तेरम्माच्या हातातला चहा निवून त्यावर साय धरली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे कामावर असताना, प्रसन्नानं क्रूस उपटला. गुडेममध्ये कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. पास्टरांनीसुद्धा चर्चची नोंदवही वाळवीनं खाल्ली असं जाहीर केलं. वाळवीही बिचारी जातीची निघाली आणि नेमकी तेवढीच वही खाऊन गेली.

साक्षीच्या दिवशी शेजारच्या घरची विशीतली सून दीनम्मा एस्तेरम्माबरोबर होती; ती तिला अत्ता, म्हणजे आत्या, म्हणायची. ओंगोलच्या बसस्टँडवर दीनम्मानं कुंकवाची पुडी घेतली, आधी स्वतःला लावलं, मग एस्तेरम्माची हनुवटी धरली. "अत्ता, हलू नको. मोठं लावते, जजबाईंना लांबून दिसलं पाहिजे." साठ वर्षांत पहिल्यांदा एस्तेरम्माच्या कपाळाला कुंकू लागलं. तिनं पानवाल्याच्या आरशात पाहिलं आणि हसू आलं तिला. "मेल्ये, नाटकातली दिसते की मी!" दोघी खूप हसल्या. त्या हसण्याची आठवण निघाली की दीनम्मा अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घेते.

कोटय्यांचे वकील विश्वनाथम, सत्तरीचे, आवाज इतका मऊ की ऐकायला मान पुढे करावी लागायची. मारहाणीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

"तुमचं नाव, अम्मा?"

"आदिलक्ष्मी."

"धर्म?"

"हिंदू. मादिगा."

"रविवारी चर्चमध्ये काय करता?"

"शेजारणी जातात. मी सोबतीला जाते. गाणी चांगली असतात."

कोर्टात थोडं हसू झालं. वकिलांनी पेपरातला फोटो पुढे केला. "या पेटीच्या झाकणावर पांढरा क्रूस रंगवलाय."

"सुतार सगळ्याच पेट्यांवर काढतो, अय्या. तो क्रिस्ती आहे. आम्ही फुकटात पुसायला कुठे सांगणार?"

सरकारी वकिलानं मान डोलावली. मागच्या बाकावर प्रसन्नानं श्वास सोडला. इतकं सफाईदार खोटं आपली आई बोलू शकते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"येसुपादम कोण?"

एस्तेरम्मानं कठडा धरला. "माहीत नाही."

"कोण माणूस म्हणून ऐकलंय?"

"नाही. माझ्या नवऱ्याचं नाव सुब्बय्या. येसुपादम म्हणून मी कुणाला ओळखत नाही."

ते तिनं नीट, स्पष्ट सांगितलं. विश्वनाथम कागदांकडे वळले, बसायला निघाले, आणि अर्ध्यावरून परत फिरले. चष्मा काढून त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं.

"अम्मा, राग मानू नका. पती जाऊन अडीच वर्षं झाली ना?"

"झाली."

"मग हिंदू बाई म्हणवता, आणि नवरा गेल्यावर एवढं ठसठशीत कुंकू?"

काय झालं ते क्षणभर तिला कळलंच नाही. गावातल्या विधवा कुंकू लावत नाहीत हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. पण कुंकू ही गोष्ट तिच्या कपाळाची कधी नव्हतीच. लग्नात नव्हती, म्हणून रांडावल्यावर पुसायचीही नव्हती. ते लावणं जसं दुसऱ्यांचं, तसं न लावणंही दुसऱ्यांचंच. दीनम्मानं लावलं, तिनं लावून घेतलं, आणि दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. कोर्टात मात्र शिपायापासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांच्या ध्यानात आलं. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं कोर्ट हसलं. कोटय्या दोरा तर खांदे हलवून हसत होते.

एस्तेरम्मानं वाकड्या मनगटानं कपाळ पुसलं. लाल रंग भुवईपर्यंत फराटला. ज्याला तिनं आत्ताच ओळख दिली नव्हती तो चिखलात पालथा पडलेला तिला दिसला असणार, कारण ती मोठ्यानं म्हणाली, "हसू नका. येसुपादम माझा नवरा होता. वीस वर्षांची असताना चर्चमध्ये त्याच्याशी लग्न लागलं माझं. प्रभूच्या घरचा माणूस तो, आणि यांनी त्याला मातीत पाडला. आता लिहा काय लिहायचं ते."

जजबाईंनी ते लिहून घेतलं. सरकारी वकिलानं फाइल मिटली. प्रसन्ना उठून बाहेर गेला.

निकाल चार महिन्यांनी लागला. मारहाण झाली, प्रेताची विटंबना झाली, जातीवरून शिवीगाळही झाली, असं जजबाईंनी लिहिलं. पण फिर्यादी स्वतःच्या तोंडानं क्रिस्ती असल्याचं सांगते, सबब अनुसूचित जातीसाठी केलेला कायदा तिला लागू होत नाही. उरलेल्या साध्या कलमांखाली कोटय्या आणि मुलांना दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. कोर्ट संध्याकाळी पाचला उठलं. मधल्या वेळात कोटय्यांनी बाकावर बसून इडल्या खाल्ल्या आणि पायाला मुंग्या आल्या म्हणून दोनदा उभे राहिले. लोखंडी दार कुठल्याच बाजूनं लागलं नाही.

मला या निकालाचा राग जजबाईंवर काढता येत नाही, हा आणखी एक राग. त्यांनी कायदा वाचला, कायद्यात जे आहे ते लिहिलं. मादिगांना कुणी मारू नये म्हणून ज्यांनी तो केला, त्यांनी मादिगा कोण ते ठरवताना फक्त देव मोजले. दांडा उगारणारा देव मोजत बसत नाही. आमच्या अंगावर मार मादिगांचा पडतो आणि फिर्याद कुण्या तिऱ्हाइताची ठरते. आणि आम्ही तरी काय केलं? शंभर वर्षं कागदावर खोटं लिहिलं, आणि ते खरं करून दाखवायची वेळ आली तेव्हा पुडीतल्या कुंकवानं घात केला.

महिन्याभरात प्रसन्नाच्या हातात कलेक्टर कचेरीची नोटीस पडली. निकालाची नक्कल जोडून कुणीतरी अर्ज केला होता. कुणी केला ते विचारायची गरज नव्हती. आई क्रिस्ती तर मुलगा अनुसूचित जातीचा कसा, याची चौकशी. तहसीलदार कधीही येऊन घर पाहील, स्मशान पाहील. प्रसन्ना आईकडे आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"साठ वर्षं गप्प बसलीस, अम्मा. आणखी दहा मिनिटं बसवेना तुला?"

"नाही बसवलं रे."

"निदान आता थडग्यावर काही करू नकोस. माझ्या पोरांसाठी म्हणून सांगतोय."

तो गेला. मोटरसायकलचा आवाज पार हायवेपर्यंत ऐकू येत राहिला.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर एस्तेरम्मा निकालानंतर पहिल्यांदा कोटय्या दोरांच्या बॅरनपाशी गेली. दोरा कडुनिंबाखाली बाजेवर पडले होते. केस संपल्यापासून त्यांचा स्वभाव मोकळा झाला होता.

"काय गं एस्तेरी! तू आता मादिगा राहिली नाहीस म्हणे. कोर्टानंच लिहून दिलंय."

"हो, दोरा. लिहून दिलंय."

"मोठी झालीस की मग!"

"मग आता रानातल्या वाटेनं जाऊ का थडग्यावर?"

दोरांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते बाजेवर उठून बसले, पण चिडले नाहीत, मुलाला समजवावं तसं म्हणाले, "अगं, कोर्ट ओंगोलला आहे. इथे तू एस्तेरी, आणि तुम्ही लोक ओढ्यानं जाता. इतकी वर्षं काढलीस, अजून कळेना तुला?"

"कळलं, दोरा. दोन मोडक्या काठ्या नेऊ का? जळणाला."

"ने, ने. काठ्यांना कोण नाही म्हणतंय?"

तिनं ढिगातून सुरूच्या दोन काठ्या निवडल्या. डाव्या हातानं एकेक उचलून पाहिली, पाच-सहा परत टाकल्या. मग त्या डोक्यावर घेऊन ओढ्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या वर होतं. पलीकडे चढून ती येसुपादमच्या मातीपाशी बसली, एक काठी उभी निजवली आणि दुसरी तिच्यावर आडवी ठेवली. सुतळी कनवटीला होती, ती तिनं काढली नाही. बांधलं असतं तर तो क्रूस झाला असता, आणि पोराची नोकरी गेली असती. न बांधलेल्या त्या दोन काठ्या. तहसीलदार आला आणि त्यानं विचारलं, तर ओढ्याच्या पुरानं आणून टाकल्या असतील असं सांगायचं.

शेळ्या त्या पायांनी विस्कटतात. दर रविवारी एस्तेरम्मा ओढ्यातून जाते आणि वरची काठी पुन्हा आडवी करून येते.